टक झाल्यावर वरून एक

आमचे भाऊजी खुशालराव यांनी आयुष्यभर वरचा कापूस पाहिला नाही. कापूस खरेदीच्या केंद्रावर ते ग्रेडर होते. गाडी यार्डात लागली की बाही वर सारायची आणि हात कोपरापर्यंत गाडीच्या पोटात घालायचा, हे त्यांचं काम. "वरचा कापूस सगळ्याईचाच पांढरा असते," असं ते म्हणायचे. आतली मूठ बाहेर काढून नाकाशी न्यायची, ओल लागते का पाहायची, मग दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धागा ओढून त्याची लांबी जोखायची. कुणी आत पाणी मारलेलं असे, कुणी मागच्या वर्षीचा पिवळा माल दडवलेला असे. भाऊजींचा हात सहसा रिकामा परत येत नसे, आणि यार्डात त्या हाताला मान होता.

मग नोकरी संपली आणि तो हात घरी आला.

मी जमुना, त्यांची साळी, म्हणजे मेहुणी. दर्यापुरात त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे, त्यामुळे भाऊजींचा संशय मला रोज घरबसल्या ऐकू येतो. गॅसचं सिलिंडर आलं की आणणाऱ्याला दारातच उभं करून ते ताणकाट्याला टांगतात. त्या काट्यावरही त्यांचा भरवसा नाही, म्हणून काटा तपासायला मोडीतून लोखंडी वजनं आणून ठेवली आहेत, आणि ती वजनं सरकारी मापाला लावून तपासून आणली आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी एका दुकानातून घेतात आणि दुसऱ्या दुकानात दाखवून येतात. यार्डातला एक जुना सोबती त्यांना रोज मोबाइलवर फुलांचा सुप्रभात पाठवतो, तर आठवडाभर विचार करून मला म्हणाले, "जमुना, ह्याचं माह्याकडं काय काम असन वो?"

माणूस वाईट नाही. कुणाचं कधी बुडवलं नाही, कुणाला फसवलं नाही. पण अशा माणसाच्या घरात राहणाऱ्याला काय वाटत असेल, हे विचारायचं तर माझ्या बाईला विचारा.

थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. माझी बाई मनकर्णा. तिचं या जन्मात एकच मागणं होतं, चिखलदरा पाहायचं. दर्यापूरहून चिखलदरा काही काशी-रामेश्वर नाही. सकाळी निघालेला माणूस जेवायला वर पोहोचतो. अख्खी दुनिया जाऊन आली, पण बाई नाही. एसटीने जायचं म्हटलं तर भाऊजींना घाटात ब्रेकचा संशय. जीप ठरवली तर ड्रायव्हरचे डोळे लाल दिसले. एकदा महिला मंडळाची सहल निघाली, सगळ्या बाया गाडीत बसल्या, तर हे खाली उभं राहून ड्रायव्हरला लायसन मागत बसले. ते लायसनही त्यांना खोटं वाटलं. गाडी निघून गेली आणि बाई डबा घेऊन घरी परतली. त्या डब्यातली धिरडी मीच खाल्ली आणि तिच्यासमोर भाऊजींना वाटेल तसं बोलले. ती नुसती म्हणाली, "जाऊ दे."

शेवटी भाऊजींनी जुनी, लहानशी पांढरी गाडी घेतली, स्वतः चालवायला. गेल्या हिवाळ्यात दोघं निघाले. परतवाडा ओलांडला, घाट सुरू व्हायच्या आधीच गाडीचा काटा तापाकडे चढला, मागून पांढरा धूर निघाला आणि बोनेटखाली पाणी खदखदायला लागलं. बाई रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. समोर डोंगर दिसत होता. तो तिने पोटभर पाहिला आणि ट्रॅक्टरमागे दोर बांधून दोघं परत आले.

या वर्षी अमरावतीच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की बाईचे दोन्ही गुडघे उन्हाळ्यात बदलावे लागतील. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं. परत येताना मला म्हणाली, "जमे, नवे गुडघे बसवाच्या आंधी माह्या सोताच्या गुडघ्यावर चिखलदरा पाहून घेते. मायनं देलेले हायेत." ती सहज बोलली, पण मला रडू आलं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली, की गाडी उन्हाळ्याच्या आत नीट झालीच पाहिजे.

गाडीचं दुखणं साधं होतं. इंजिनाचं खालचं धड आणि वरचं डोकं यांच्यामध्ये एक पातळ गॅस्केट असतं. लांब लांब बोल्टांनी ते डोकं धडावर घट्ट आवळलेलं असतं. ते गॅस्केट फुटलं होतं, म्हणून पाणी जाऊ नये तिथे जात होतं. हे सांगितलं शफीक मिस्त्रीने. अकोला रोडवर त्याचं गॅरेज आहे आणि तो भाऊजींच्या वर्गातला. "ठेवून जा भाऊ, करून देतो," तो म्हणाला.

ठेवून जा म्हटल्यावर भाऊजी कसले ठेवून जातात? ते गॅरेजमध्येच स्टुलावर ठाण मांडून बसले. शफीकने एक नट काढला की यांचं सुरू, "हा काहून काढला?" नळी सोडवली की, "हे होती तशीच बसन ना?" पाना बदलला की, "तो काहून ठेवला?" शेवटी शफीकने हात धुतले, फडक्याला पुसले आणि म्हणाला, "भाऊ, तुमाले एवढी काळजी हाये त तुमीच करा. मी अवजार देतो."

असं गाडीचं काम घरी आलं. आमच्या मागच्या टिनाच्या शेडमध्ये भाऊजींनी मोबाइलवर व्हिडिओ लावून इंजिन उघडलं. तेवढं मात्र त्यांनी फार देखणं केलं, हे मान्य करते. एका पुठ्ठ्याला भोकं पाडून जो बोल्ट जिथला तिथेच खोचून ठेवला. दोन्ही बाजू घासून काचेसारख्या साफ केल्या. गॅस्केट आणायला स्वतः अकोल्याला गेले. परत आले ते चेहरा पाडून. पाकिटाला एका जागी दोन पिना मारलेल्या दिसल्या होत्या. "एकदा उघडून पुन्हा बंद केलं असन," ते म्हणाले. मग ते गॅस्केट उन्हात धरून, वास घेऊन, बोटाने चाचपून दोन दिवस नुसतं पाहिलं.

शफीक आपण होऊन एका दुपारी आला आणि एक लांब दांड्याचा पाना देऊन गेला. हा पाना साधा नसतो. किती जोर लावायचा ते दांड्यावर लावून ठेवायचं, आणि तेवढा जोर भरला की तो 'टक' असा आवाज करतो. शफीकने तो सहाच्या खुणेवर लावून दाखवला. म्हणाला, "मधातून सुरू करा, कडेकडे जा, आडवेतिरपे. एका दमात आवळू नका, फेऱ्या करा, पह्यल्यांदा हलका, मंग वाढवत. शेवटच्या फेरीले सहा. अन् टक झालं का थांबा. बोल्ट नवे घ्या, हे जुने ताणले हायेत."

तो गेला आणि भाऊजी त्या पान्याकडे बराच वेळ पाहत बसले.

"बोल्ट नवे घ्या म्हंते," ते म्हणाले. "दुकान कोनाचं असन, मालूम हाये काय तुले?"

"कोनाचं?" मी विचारलं.

"मलेई मालूम नाई. पन असन कोनाचं त."

बोल्ट जुनेच राहिले. मग मधून सुरू करायची भानगड. कडेचे आधी आवळले तर काय बिघडतं, हे त्यांना पटेना. व्हिडिओतला माणूसही मधूनच सांगत होता, तर यांना वाटायला लागलं की दोघं मिळालेले आहेत. बाई दारात उभी होती. ती म्हणाली, "अवो, वाकळ शिवताना मी टाके मधातून टाकते ना? कडेपासून टाकले त मधात फुगा येते." वाकळ त्यांनी आयुष्यभर अंगावर घेतली होती, तिच्यात कधी फुगा आला नव्हता. ती गोष्ट त्यांनी मानली.

पण पाना त्यांनी मानला नाही. "घट्ट झालं का नाई, हे त्याच्या घरचा पाना सांगन अन् मी ऐकू?" त्यांचा हिशोब असा, की शफीकने पाना मुद्दाम कमी जोराला टक करेल असा करून दिला. म्हणजे डोकं ढिलं बसेल, गॅस्केट पुन्हा जाईल आणि खुशालराव पुन्हा त्याच्या दारात. "नाई त एवढ्या कामाचं अवजार कोनी आपल्या पायानं आनून देते काय?"

खरं सांगते, हे असं रोज ऐकलं की ऐकणाऱ्याचंही डोकं फिरतं. रात्री जेवताना मलाही वाटून गेलं, की खरंच, शफीकला एवढी काय पडली होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात मी आणि बाई शेडच्या तोंडाशी तुरीच्या शेंगा सोलत बसलो आणि भाऊजींनी डोकं इंजिनावर बसवलं. पहिली फेरी हलकी झाली. दुसरीही झाली. मधून कडेला, डावीकडून उजवीकडे, चुकले नाहीत. शेवटची फेरी आली. पाना बोल्टावर बसला, भाऊजींनी ओढलं, टक झालं. ते थांबले. एकदा दाराकडे पाहिलं, कुणी नाही ना म्हणून. आणि मग दात आवळून पुन्हा ओढलं.

"टक झालं ना भाऊजी?" मी म्हटलं.

"तो टक त्याचा. अन् हे वरून एक माह्याकडून."

पुढच्या बोल्टाला तेच. टक, आणि वरून एक. बोल्ट कुरकुरत होता, ते मला शेंगांच्या आवाजातही ऐकू येत होतं. इतक्यात बाहेर मोटरसायकल थांबली. शफीक होता. उतरलाही नाही, तिथूनच ओरडला, "भाऊ, कसून राहिले काय? एक गोठ सांगाची..."

भाऊजींनी दाराशी येऊन टिनाचं दार लोटून घेतलं आणि आतून कडी घातली. शफीक उतरून दाराशी आला. टिनाच्या फटीतून आत पाहायचा त्याने प्रयत्न केला, मग गाडी वळवून गेला. मी त्याच्याकडे पाहतच राहिले. ऐन आवळायच्या वेळेला हा नेमका का आला, आणि फटीतून काय पाहत होता? बाई म्हणाली, "बिचाऱ्याले पानी त विचारलं असतं." मी अजून रस्त्याकडेच पाहत होते.

आतून पुन्हा टक ऐकू आलं. मग कुरकुर. आणि मग एकदम काहीच नाही. नंतर भाऊजींचा आवाज आला, इतका बारीक, की मी आधी ओळखलाच नाही. "मनकर्णा."

आम्ही दार उघडायला लावलं. भाऊजी पाना हातात धरून उभे होते आणि पान्याच्या तोंडात बोल्टाचं नुसतं डोकं होतं. बाकीचा बोल्ट आतच तुटला होता. "हात मऊ पडला एकदम," ते म्हणाले. "वाटलं, बसला. अन् हे हातात आलं."

बाईने ते पाहिलं, मग आपल्या गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू खाली बसली. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं, "आता नाई होत ना जाणं?"

या प्रश्नाने भाऊजींचा राग भडकला, पण तो गेला भलतीकडेच. त्यांनी तिथल्या तिथे शफीकला फोन लावला आणि असं असं बोलले, की मी इथे लिहीत नाही. पाना बिघडवून दिला, बोल्टाला आधीच चीर पाडून ठेवली, फटीतून आपलं काम झालं का ते पाहायला आला. एका माणसाला एवढी कारस्थानं करायला वेळ कधी मिळाला असेल, याचा हिशोब त्यांनी केला नव्हता. फोन ठेवला आणि थोड्याच वेळात शफीकची मोटरसायकल पुन्हा दारात आली. त्याचं तोंड लाल झालं होतं.

"भाऊ," तो म्हणाला, "शाळेपासून वळखता तुमी मले. मी पाना खोटा देला?"

"शाळेत तू कसा होता ते शाळेत. आता कसा हाये, मले काय मालूम?"

"खोटा असन त टाका त्याले हिरीत. मले नको वापस."

"टाकाचं मंग पाहू," भाऊजी म्हणाले. "आंधी मोजतो."

आणि ते खरंच मोजायला बसले. रागात असला तरी माणूस मूळचा ग्रेडर होता, मोजल्याशिवाय माल परत पाठवणं त्यांना जमलं नसतं. शेडमधल्या टेबलाला लोखंडी वाइस बसवलेला आहे. त्यात त्यांनी पान्याचं तोंड घट्ट पकडलं, दांडा आडवा हवेत राहील असा. टेपने तोंडापासून मूठ धरायच्या जागेपर्यंत अर्धा मीटर मोजून घेतला. मग आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाले, "सहाचा जोर म्हंजे एका मीटरवर सहा किलो, अर्ध्या मीटरवर बारा. बाराच्या आंधी टक झालं का चोर पकडला." आणि घरातून ती लोखंडी वजनं आणि बाजाराची पिशवी घेऊन आले.

दहा किलो पिशवीत टाकून ती दांड्याला टांगली. पाना गप्प. भाऊजींच्या चेहऱ्यावर जरा शंका आली. आणखी एक किलो टाकला. तरी गप्प. शफीक हाताची घडी घालून उभा होता. बाई शेंगांचं सूप मांडीवर घेऊन पाहत होती. माझं काय, मला आता खरंच कळत नव्हतं, की काय झालेलं मला हवं आहे. भाऊजींनी शेवटचा किलो अलगद, बाळाला पाळण्यात ठेवावं तसा पिशवीत ठेवला.

टक.

त्यांनी पिशवी काढली आणि पुन्हा टांगली. बाराला टक. पाना काढून उलटा पकडला, पुन्हा मोजला. बाराला टक. मग एक वजन हातात घेऊन ते त्याच्याकडे निरखून पाहायला लागले. आता संशय घ्यायला तेवढंच उरलं होतं. पण ती वजनं त्यांनीच सरकारी मापाला लावून आणलेली. त्यांनी वजन परत पिशवीत ठेवलं आणि आपला उजवा हात पाहिला.

शफीकने संधी साधून दोन शब्द ऐकवले असते तरी मी त्याला दोष दिला नसता. पण त्याचा राग उतरला होता. म्हणाला, "भाऊ, मी सकाळी तेच सांगाले आलो होतो. रात्री मनात आलं, मानूस आपला खुशालभाऊ हाये, टक झाल्यावर वरून एक नक्की ओढन. म्हनून आलो. तुमी दार लावलं."

त्यावर बोलली बाई. सूप बाजूला ठेवून, बसल्या जागेवरूनच.

"लगन झालं तवापासून घराले कुलूप मी लावते," ती म्हणाली. "अन् दर खेपेले तुमी मांगून येऊन ते ओढून पाहता. मी कधी काही म्हटलं नाई. पन आज सांगा, एकदा तरी उघडं भेटलं काय?"

आवाज चढलेला नव्हता. शफीक दुसरीकडे पाहायला लागला. मला वाटलं, भाऊजी आता भडकतील. पण त्यांनी खरंच आठवून पाहिलं. गावाला जातानाची कुलपं, लग्नकार्याची, दवाखान्याची, सगळी आठवली असावीत, कारण उत्तर यायला वेळ लागला.

"नाई भेटलं," ते म्हणाले.

"मंग?"

बाईने डोळे पुसले आणि शफीकला विचारलं, "भाऊ, हा तुटलेला निंगन काय?"

निघाला, आणि फार सहज निघाला. डोकं पुन्हा उचलल्यावर तुटक्या बोल्टाचा दांडा वर उभाच होता. शफीकने तो पकडीत धरून फिरवला, तर जाम नव्हताच, मुकाट्याने बाहेर आला. नवे बोल्ट आणि नवं गॅस्केट शफीकबरोबर जाऊन आणलं. या वेळी भाऊजींनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं, पण वास घेतला नाही. घरी येऊन त्यांनी जुना आणि नवा बोल्ट शेजारी शेजारी ठेवले. वरून एक दिलेले जुने बोल्ट नव्यांपेक्षा लांब झाले होते आणि मानेशी बारीक पडले होते. भाऊजींनी त्या मानेवरून अंगठा फिरवला, यार्डात धाग्यावरून फिरवायचे तसा. "जास्त ओढलेला माल," ते म्हणाले, "हा पुन्हा कामाचा नाई." आणि सगळे जुने बोल्ट स्वतःच्या हाताने मोडीत टाकले.

मी शफीकला म्हटलं, आता तूच आवळून दे बाबा. तो म्हणाला, "नाई वैनी. मी हात लावला त वर घाटात काही झालं का माहं नाव. भाऊच आवळन. मी इथी बसतो." आणि तो खरंच बाजेवर बसून आमच्या तुरीच्या शेंगा सोलायला लागला.

बाईने खुर्ची मागवून घेतली आणि गाडीच्या अगदी जवळ बसली. मधून कडेला, फेरीमागून फेरी. शेवटच्या फेरीला पहिल्या बोल्टावर टक झालं आणि भाऊजींचं मनगट आपोआप पुन्हा भरलं. मला ते दिसलं. त्यांच्या दंडाच्या शिरा वर आल्या. बाई नुसती पाहत होती. भाऊजींनी पाना काढून घेतला. पुढच्या बोल्टाला तेच, त्याच्या पुढच्यालाही. कुणाला हसू येईल, पण त्या माणसाला जड पोतं उचलायला जेवढे कष्ट पडले नसते तेवढे ते न ओढण्यात पडत होते. शेवटचं टक झालं तेव्हा कपाळावरून घाम गळत होता. पाना जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून ते गाडीपासून लांब जाऊन उभे राहिले. भाऊजींचा मला त्या दिवशी पहिल्यांदा अभिमान वाटला. तसं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं निघालो. अंजनगाव गेलं, परतवाडा आलं. भाऊजी एक डोळा रस्त्यावर आणि एक डोळा तापाच्या काट्यावर ठेवून गाडी चालवत होते. परतवाड्याला चहासाठी थांबलो, तर चहा सोडून बोनेट उघडलं. घाटाच्या पायथ्याशी, गेल्या साली जिथे ट्रॅक्टर लावला होता तिथे, पुन्हा उघडलं. घाट सुरू झाला. वळणामागून वळण चढत गेलो, सागाची पानगळ लागली, हवा गार झाली, आणि काटा जिथल्या तिथे होता. बाई खिडकीची काच खाली करून बसली होती. एका वळणावर खालचा सगळा मुलूख एकदम दिसला आणि ती "माय वो!" म्हणाली. भाऊजी दचकून म्हणाले, "काय झालं? वास येऊन राहिला काय?"

देवी पॉइंटला गाडी लावली. बाईने माझा दंड धरला आणि चालायला लागली. मधे दोनदा थांबली, गुडघे चोळले, पुन्हा चालली. कठड्याशी पोहोचलो. खाली एवढी खोल दरी, की तिचा तळ दिसेना. पलीकडे डोंगरामागे डोंगर, जवळचा हिरवा, त्याच्या मागचा निळा, त्याच्याही मागचा नुसता धूर. बाई कठड्याला दोन्ही हात टेकून उभी राहिली. तिचं पाहणं मी पाहत होते आणि माझे डोळे भरून आले.

"अवो!" तिने मागे वळून हाक मारली. "या ना! पाहा त खरं!"

"आलो, आलो," भाऊजींचा आवाज आला.

ते दरीकडे पाठ करून, बोनेटमध्ये अर्धे आत वाकलेले होते. मोबाइलचा उजेड पाडून इंजिनाच्या सांध्याभोवती बोट फिरवत होते, कुठे पाझर लागतो का. तेवढ्यात त्याच मोबाइलवर आकांक्षाचा, त्यांच्या पोरीचा पुण्याहून फोन आला. तिने विचारलं असावं, बाबा, कसं आहे चिखलदरा? भाऊजी आनंदाने ओरडून सांगत होते, "कोरडं ठन! एक थेंब नाई बाहेर!"

माझं डोकं तडकलं. मी म्हटलं, आता जाते आणि या माणसाला कॉलर धरून कठड्याशी आणून उभं करते. बाईने माझा हात धरून ठेवला. तिच्या तोंडावर राग नव्हता. ती भाऊजींच्या त्या वाकलेल्या पाठीकडे अशी पाहत होती, की तिलाच त्यांची कणव आली असावी.

"राहू दे वो जमे," ती म्हणाली. "माहं पाहून झालं. नवे गुडघे बसले का याईले घेऊन येऊ."